बडोद्यात अल्बम रिलीज शो करायचाय? आधी कोल्ड कॉफीच्या मिक्सरचं बघा

आमच्या पहिल्या शोला सगळ्यात हळू गाणं सुरू झालं, नुसती नायलॉन तारांची गिटार आणि आवाज, समोर साठ-पासष्ट माणसं एकदम चूप, आणि बरोबर दुसऱ्या ओळीला काउंटरमागे कोल्ड कॉफीचा मिक्सर सुरू झाला. घर्रर्र करून. गायिकेने डोळे मिटून ओळ पुरी केली, तिसऱ्या ओळीला परत घर्रर्र, कारण ऑर्डर दोन कोल्ड कॉफीची होती आणि तिसरी थिकशेकची. रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे, त्यात मिक्सर कोमल गंधाराच्या आसपास लागतो असं आमच्या कीबोर्डवाल्याचं म्हणणं आहे.

तर मी एका छोट्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि दुसरं कोणी फोन करायला तयार नसतं म्हणून मॅनेजरपण मीच. बडोद्यात तीन रिलीज शो केले, पहिला रडत-पडत, दुसरा बरा, तिसऱ्यात बऱ्याच गोष्टी जमल्या. आता ओळखीतली दोन-तीन पोरं सारखी विचारतात की काका कसं करायचं (मी काका झालो कधी हे कळलं नाही), म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. आपल्या गावाला गाणं ऐकायची सवय आहे, ती फार जुनी आहे. दरबारी गायक मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची, तिचंच पुढे युनिव्हर्सिटीचं परफॉर्मिंग आर्ट्स झालं, आणि पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी १९१६ साली इथेच भरवली, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. आणि दुसऱ्या बाजूला गरबा, जिथे पहिल्या ठेक्याला पाय हलतात कारण गाणी आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ. अल्बम रिलीजला नेमकं उलटं असतं, आठ गाणी, त्यातली सहा कोणीच ऐकलेली नाहीत, आणि लोक आलेले असतात ते तुमची दोस्ती म्हणून. त्यांना घरी जाताना एक तरी ओळ तोंडात घेऊन जाता आली पाहिजे, आणि त्यासाठी शब्द ऐकू आले पाहिजेत. लाइट, स्मोक, बॅनर हे सगळं त्याच्यानंतर.

तारीख कशी काढायची

इथे पंचांग बघावंच लागतं, हसू नका. आपल्याकडे इंडी बँडसाठी वेगळा साउंडवाला नाही, जो गणपतीला लावतो, नवरात्रात लावतो, लग्नात लावतो तोच तुमच्याकडे येणार. म्हणजे गणपती ते दसरा विसरा. दिवाळीनंतर प्रिंटिंगवाले, टीशर्टवाले लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, दुकान उघडत नाहीत, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, तेव्हा साउंडवाल्याचा फोन लागला तरी तो वरातीत असतो, तुम्हाला फक्त ढोल ऐकू येतो.

मोकळा काळ म्हणजे कमुरता, आपल्या भाषेत धनुर्मास, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. लग्नं नाहीत, साउंडवाले मोकळे, भावपण उतरलेले, हवा छान, आणि पुण्या-बंगलोरला नोकरीला गेलेली आपली पोरं सुट्टीत घरी आलेली असतात, परदेशातली मंडळीपण. फक्त ३१ डिसेंबर टाळा आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यात करू नका, कारण तेव्हा सगळं गाव मांजा पाजण्यात असतं आणि सणाच्या दोन दिवसांत तर गच्चीवरून कोणी खालीच उतरत नाही.

वार शुक्रवार. जगभर नवीन गाणी शुक्रवारी यायची पद्धत २०१५ पासून आहे, त्यामुळे रात्री बाराला अल्बम ऑनलाइन आणि संध्याकाळी शो असं जुळतं. दुसरं कारण जास्त कामाचं आहे, शनिवारी कॅफे तसाही भरतो, मालकाला तुमची गरज नसते, शुक्रवारी तो ऐकून घेतो.

अल्बम डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे गाणी ऑनलाइन अॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, किमान चार आठवडे आधी टाका, आणि तारीख डिसेंबरअखेरची असेल तर सहा, कारण नाताळात तिकडची माणसं सुट्टीवर असतात आणि एखाद्या अल्बमच्या मुखपृष्ठाच्या साइजवरून अडकलं तर उत्तर द्यायला कोणी नसतं. स्पॉटिफायवर एडिटरला गाणं पिच करायचं, म्हणजे प्लेलिस्टसाठी सुचवायचं, तर रिलीजच्या निदान सात दिवस आधी करावं लागतं, म्हणजे फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार या नवीन गाण्यांच्या यादीत ते नक्की जातं. आयएसआरसी कोड, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, डिस्ट्रिब्यूटरच देतो, तो एका वहीत लिहून ठेवा. हे सगळं शोच्या आठवड्यात करायला गेलात तर प्रॅक्टिस बुडते, मी बुडवलीये.

जागा

मुंबई-पुण्यात असे शो बारमध्ये होतात, तिकीट कमी असलं तरी मालकाचं पोट दारूवर भरतं. आपल्याकडे दारूबंदी. त्यामुळे मालकाचा सगळा धंदा सँडविच, पिझ्झा आणि त्या कोल्ड कॉफीवर, म्हणून मिक्सर हा आपला बारटेंडर आहे हे समजून घ्या आणि त्याच्याशी भांडू नका, आधी बोलून घ्या.

पण दारूबंदीचा एक फायदा आहे जो बाहेरच्या बँडना इथे येऊन कळतो. लोक शुद्धीत असतात. आई-बाबा येतात, आजी येते, शाळेतली भाची येते. मागे आरडाओरडा करणारं टेबल क्वचितच. आमच्या तिसऱ्या शोला ड्रमरची आजी पहिल्या रांगेत शाल घेऊन बसली होती आणि शेवटी म्हणाली, ‘चौथं गाणं परत म्हणा, त्यातलं तुळशीचं मला नीट कळलं नाही.’ असा श्रोता कुठल्या पबमध्ये मिळणार.

मालकाशी बोलताना तीन गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. तिकिटाचे पैसे कोणाचे, खाण्याचे कोणाचे, आणि कमीत कमी गल्ल्याची अट आहे का. आम्ही तिकीट आमचं आणि खाणं त्याचं असं करतो. काही जण तिकिटातच खाण्याचं कूपन घालतात, ३०० चं तिकीट आणि त्यात १५० चं खाणं, मला ते आवडत नाही, कारण मग कूपन संपवायला सगळे एकदम काउंटरवर जातात आणि ते बरोबर तुमच्या हळू गाण्याला.

जागा बघायला दुपारी जाऊ नका, संध्याकाळी सातला जा. फ्रीजचा आवाज, एसीचा आवाज, बाहेरच्या रस्त्याचा हॉर्न, वरच्या मजल्यावर कोणी राहतं का, हे सगळं तेव्हाच कळतं. टाळी वाजवून बघा. अलकापुरी, फतेगंज, गोत्री कुठेही जा, नवीन कॅफे सगळे काचेचे आणि टाइल्सचे, टाळी वाजवली की टण्ण करून परत येते. तिथे ड्रम म्हणजे डोक्यावर पत्रा पडल्यासारखं. उपाय स्वस्त आहे, मंडपवाल्याकडून सतरंज्या आणि जाड पडदे भाड्याने आणा, ड्रमखाली दुहेरी सतरंजी, मागच्या काचेवर पडदा, आणि ड्रमरला काठ्यांऐवजी हॉट रॉड्स, म्हणजे बारीक काड्यांची जुडी, घ्यायला लावा, तो कुरकुर करेल, करू दे.

दुसरं दार आहे का बघा. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेमझोनला आग लागली आणि केवढी माणसं गेली हे आपल्या सगळ्यांना माहितीये, त्यानंतर फायर एनओसी, म्हणजे आगीच्या सुरक्षेचा ना-हरकत दाखला, विचारायला लाजायचं काही कारण राहिलं नाही. मालक एनओसी दाखवत नसेल किंवा मागच्या दारासमोर खुर्च्यांची चळत असेल तर जागा बदला, इथे तडजोड नाही.

परवानग्या, थोडक्यात

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतला नियम आहे. बंद हॉलला सूट असते, पण कॅफेची काच म्हणजे बंद हॉल नाही, आणि समोरच्या सोसायटीतून एक फोन गेला की नियमावर चर्चा करायला कोणी बसत नाही. राहत्या वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, म्हणजे कुठलाही बँड पहिल्याच गाण्यात त्याच्या वर. म्हणून पावणेदहाला थांबा. पंधरा दिवस आधी एरियाच्या पोलीस स्टेशनला साधा अर्ज द्या, तारीख, वेळ, माणसं किती, जबाबदार माणसाचा फोन, आणि शिक्का मारलेली कॉपी खिशात ठेवा. आणि सोसायटीच्या चेअरमनना जाऊन भेटा, दोन पास द्या. शिक्क्यापेक्षा ते जास्त चालतं.

दुसऱ्याचं गाणं वाजवणार असाल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन्स लागतं, ते कोण काढणार, तुम्ही की कॅफे, हे आधी विचारा. माझं मत विचाराल तर रिलीज शोला दुसऱ्याचं गाणं वाजवूच नका, एक ओळखीचं गाणं वाजवलं की लोक त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या देतात आणि तुमची आठ गाणी बिचारी बाजूला उभी राहतात.

साउंडवाल्याशी बोलणं

आपल्या साउंडवाल्यांकडे सामानाची कमी नाही, मैदानभर गरबा वाजवणारी माणसं ती. प्रश्न उलटा असतो. तुम्ही सांगितलं की भाई, दोन टॉप, एक बेसचा स्पीकर आणि चार मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवायचे स्पीकर) हवेत, की तो म्हणणार, ‘आटलामां शुं थशे?’ (एवढ्यात काय होणार?) आणि टेम्पोत डबल अठरा इंची चार बेस भरून आणणार, प्रेमाने, जास्तीचे पैसे न घेता. पंचवीस बाय चाळीसच्या खोलीत चार बेस लावले तर गाण्याचा शब्द गेलाच म्हणून समजा. त्याला वाईट वाटू न देता सांगायचं की भाई, हा गरबा नाही, भजन आहे असं समजून लावा. भजन म्हटलं की तो बरोबर लावतो, मी दोनदा करून बघितलंय.

त्याला तोंडी काही सांगू नका, एका कागदावर इनपुट लिस्ट, म्हणजे कोणकोणती वाद्यं आणि माइक जोडायचे त्याची यादी, द्या. आमची सोळा चॅनलची आहे: ड्रमचे किक, स्नेअर आणि वरून दोन ओव्हरहेड माइक, बेस डीआय (वाद्य माइकशिवाय थेट साउंडला जोडायचा डबा), इलेक्ट्रिक गिटारच्या अँपसमोर एसएम ५७ माइक, अकूस्टिक डीआय, कीबोर्ड डावा-उजवा, तबला-डग्गा दोन माइक, गाणाऱ्यांच्या आवाजाचे तीन एसएम ५८ माइक, एक बोलायला आणि एक जास्तीचा. दुसऱ्या कागदावर स्टेजचं चित्र, कोण कुठे उभं, कोणाला कुठे प्लगपॉइंट हवा. चित्र हाताने काढलेलं चालतं. डीआय बॉक्स किती आहेत हे नक्की विचारा, गरब्याच्या सेटअपमध्ये ते कमी असतात, आम्हाला चार लागले आणि त्याच्याकडे दोन निघाले, तेव्हापासून दोन मी स्वतःचे घेऊन ठेवलेत.

तबला असेल तर त्याचं मॉनिटर लांब आणि हळू, नाहीतर डग्गा घुमायला लागतो आणि थांबत नाही. आणि एसी. बाहेरून आणलेली गिटार थंड खोलीत काढली की सूर हलतो, तबल्याची शाई-पुडीपण कोरड्या हवेत चढते, म्हणून वाद्यं निदान तासभर आधी खोलीत उघडून ठेवा आणि एसी लावायचा तो तेव्हाच, लोक आल्यावर नाही.

विजेचं एक. दुसऱ्या शोला साउंडचेकमध्ये बेस लावला आणि स्पीकरमधून घुंऽऽऽ असा आवाज, केबल बदलली, अँप बदलला, माझ्यावर सगळे खेकसले, पिकअप खराब असणार म्हणून. पाऊण तास गेला. शेवटी साउंडवाल्याच्या असिस्टंट पोराने, असेल अठरा-एकोणीसचा, काही न बोलता जाऊन लाइटचा डिमर बंद केला, आवाज गायब. लाइट आणि साउंड एकाच बोर्डवर होते. तेव्हापासून दोघांसाठी वेगळ्या लाइनी मागायच्या, किचनच्या फ्रीजच्या लाइनीवर तर अजिबात नाही, तरी राहिलंच तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघायचं. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग असतात, ते करू देऊ नका, ओठ माइकला लागतो तेव्हा झटका बसतो आणि तो थट्टेचा विषय नाही.

गाण्यांचा क्रम

अल्बममधला क्रम स्टेजवर चालेलच असं नाही. आमच्या दोन गाण्यांना गिटारचं ट्यूनिंग वेगळं आहे, ती आधी लांब लांब होती, प्रत्येक वेळी दीड मिनिट टुंग टुंग आणि स्टेजवर शांतता, मग गायिका काहीतरी विनोद करणार, तो पडणार. आता ती दोन पाठोपाठ. सगळ्यात हळू गाणं तिसरं, कारण पहिल्या दोन गाण्यांत उशिरा येणारे येऊन बसतात आणि सहाव्या-सातव्यापर्यंत मागच्या टेबलांची चुळबुळ सुरू होते. आठ गाण्यांचे पस्तीस मिनिटं होतात, त्यात जुनी चार-पाच घाला, मध्ये बोलणं, की सत्तर मिनिटं. त्याच्यावर नको.

आणि वन्स मोअर. नाटकातल्या पदांना वन्स मोअर द्यायची आपली जुनी खोड आहे, ती वापरा. शेवटी नवीन गाणं राखून ठेवण्यापेक्षा सुरुवातीला वाजवलेलं गाणं परत वाजवा. दुसऱ्यांदा ऐकताना ते ओळखीचं झालेलं असतं आणि तेव्हा लोक ध्रुवपद म्हणतात. पहिल्यांदा हे सुचवलं तेव्हा बँडमध्ये सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, की तेच गाणं दोनदा म्हणजे स्टॉक संपला असं दिसेल. तसं काही दिसत नाही, उलट पार्किंगमध्ये गाडी काढताना लोक तेच गुणगुणत होते, माझ्या कानाने ऐकलंय.

गाण्यांचे शब्द छापून द्या. ए-फाइव्हची सोळा पानांची पुस्तिका, मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीतच लागतात, आम्ही अठरा पानं करून रावपुऱ्यातल्या प्रेसवाल्यांकडे घेऊन गेलो तर त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की विचारू नका. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, कॅफेत अंधार असतो. आमची गाणी मराठी, एक गुजराती, एक हिंदी, आणि निम्मे श्रोते गुजराती, पण त्यातले बरेच मराठी समजतात, बोलायला लाजतात एवढंच. शब्द हातात असले की ऐकतात.

तिकीट आणि पैसे

‘पास आहे का?’ हा फोन येणारच. मावसभावापासून सुरुवात होते. फुकट पास घेणारा येत नाही आणि त्याची खुर्ची रिकामी राहते, म्हणून चेअरमन, आई-वडील आणि मदत करणारी पोरं सोडून कोणालाच पास नाही, आमचा ठरलेला नियम आहे. बँडच्या बायका-नवऱ्यांनापण तिकीट, यावरून एकदा घरी दोन दिवस अबोला झाला होता.

गेल्या शोचा हिशोब उघडच सांगतो. तिकीट ३००, विकली ८४, म्हणजे २५,२००. खर्च: साउंड आणि टेम्पो ११,५००, शब्दांच्या १२० पुस्तिका ३,०००, पोस्टर १,५००, दोन पाहुणे कलाकार प्रत्येकी ३,०००, आधी वाजवणाऱ्या पोरांना २,५००. एकूण २४,५००. उरले ७००. अकरा टीशर्ट विकले त्यात दीडशेप्रमाणे सुटले १,६५०. म्हणजे सगळ्या बँडला मिळून २,३५०. श्रीमंत व्हायचं असेल तर लग्नात वाजवा. पण खिशातून एक रुपया गेला नाही आणि पाहुण्या तबलजीला त्याच रात्री पाकिटात पैसे दिले, हे मला महत्त्वाचं वाटतं, ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणून कोणाला बोलवू नका, तबल्याच्या पुडीला एक्सपोजर चालत नाही.

क्यूआर कोड दोन लावा, एक दारात, एक टीशर्टच्या टेबलावर, आणि तरी दोन हजारांचे सुट्टे जवळ ठेवा, कारण ऐंशी माणसं एका खोलीत आली की नेटवर्क मान टाकतं.

त्या दिवशी

घड्याळ उलटं मोजा. पावणेदहाला शेवटचा सूर. तुमचा सेट साडेआठला. त्याआधी पंधरा मिनिटं स्टेज बदलायला, त्याआधी पंचवीस मिनिटं पहिला बँड, म्हणजे तो ७:५० ला. दरवाजा सातला, पण पोस्टरवर साडेसहा लिहा, बडोदेकर साडेसहा वाचतो, सव्वासातला घरून निघतो आणि वाटेत सेव उसळ खातो. दुपारचं जेवणाचं गिऱ्हाईक संपलं की अडीचला सामान आत, साडेतीनला साउंडचेक.

साउंडचेकला आधी तुम्ही, मग पहिला बँड. उलटं वाटतं, पण जो आधी वाजवणार त्याचं सामान शेवटी लागलेलं बरं, तेच तसंच राहतं. ड्रमसेट एकच ठेवा, दोन्ही ड्रमरनी आपापले स्नेअर, झांजा आणि पेडल आणायचे. एकेक वाद्य: किक, स्नेअर, मग पूर्ण ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, तबला, शेवटी आवाज. आपल्या चॅनलची वेळ नसताना हात बांधून उभं राहायचं, आमचा गिटारवाला किकच्या चेकला सोलो वाजवतो, त्याला आम्ही आता चहा आणायला पाठवतो.

मग पूर्ण गाणं एकच वाजवा, आणि तुमच्यातला एक जण किंवा एखादी मैत्रीण जिला गाणी माहीत नाहीत, तिला सगळ्यात मागच्या टेबलावर वही घेऊन बसवा. ऐकू येतील ते शब्द लिहून काढायचे. ही सगळ्यात कामाची युक्ती आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा तिने लिहिलं होतं, ‘… … पाऊस … … … गं’. बास, एवढंच. मग गिटार खाली आणली, कीबोर्डचा डावा हात कमी केला, माझा बेसपण, आणि परत. तिसऱ्या वेळी तिने अख्खं कडवं लिहिलं, एका ठिकाणी ‘वेल’ चं ‘तेल’ झालं होतं फक्त. तिथेच साउंडवाल्याला सगळ्या फेडरना, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांना, टेप मारायला सांगायचं. खोली माणसांनी भरली की आवाज मऊ होतो, तेव्हा थोडं वर न्यावं लागतं, पण फोनवरच्या मीटरवर पंच्याण्णव डेसिबलच्या पुढे जात असेल तर कोणीतरी कशालातरी हात लावलाय. लहान मुलं येणार असतील तर पुढच्या खुर्च्या त्यांना देऊ नका, आणि कानात घालायचे फोमचे बोळे दारात एका वाटीत ठेवा, पाच-दहा रुपयांची गोष्ट आहे.

सहाला मिक्सरची मीटिंग. हो, खरंच. काउंटरवरच्या भाईंना गाण्यांची यादी मोठ्या अक्षरात द्यायची, त्यातल्या तीन हळू गाण्यांवर लाल खूण. लाल गाणं सुरू असताना मिक्सर नाही, बिल मशीनची टर्रर्र नाही, वेटरने टेबलावर जायचं नाही. प्रत्येक लाल गाण्याच्या आधी गायिका पाणी पिते, ती खूण. त्यांचा धंदा बुडू नये म्हणून त्या गाण्याच्या आधीचं गाणं मुद्दाम मोठ्या आवाजाचं ठेवलेलं असतं, त्यात त्यांनी सगळ्या कोल्ड कॉफ्या उरकून घ्यायच्या. तिसऱ्या शोला ते काउंटरवाले भाई इतके रंगले की लाल गाण्यात एका गिऱ्हाइकाने ऑर्डर द्यायला तोंड उघडलं तर यांनीच ओठांवर बोट ठेवलं.

रेकॉर्डिंग करून घ्या. साउंडवाल्याचा मिक्सर डिजिटल असेल तर यूएसबीतून लॅपटॉपवर सगळे चॅनल वेगवेगळे घेता येतात, केबल आणि लॅपटॉप तुम्ही न्यायचा, साउंडचेकलाच चालवून बघायचं. खोलीचा आवाज पकडायला मागे एक फोन ठेवा, नाहीतर नुसत्या चॅनलमध्ये टाळ्या कुठून तरी विहिरीतून आल्यासारख्या येतात.

पावणेदहानंतर

लगेच सामान आवरायला घेऊ नका, एक जण दाराशी, एक टीशर्टच्या टेबलावर, लोक याच दहा मिनिटांत बोलतात आणि विकत घेतात. बाकीच्यांनी केबली गुंडाळायच्या, कोपराभोवती गुंडाळू नका, तार आतून पिळली जाते, साउंडवाले भाई ते बघून मनातल्या मनात शिव्या देतात. सतरंज्या मोजून परत, जमिनीवरचे टेप सोलून काढायचे, डाग राहिला तर पुढची तारीख मिळत नाही. पाहुण्यांचं पाकीट, पहिल्या बँडचं पाकीट, साउंडवाल्याचे उरलेले पैसे, सगळं जेवायला जायच्या आधी.

मग फतेगंजला. अकरा-साडेअकराला काहीतरी गरम मिळतंच. गेल्या वेळी आम्ही सात जण एका टपरीवर मॅगी खात होतो, तबलजीने तबल्याची पिशवी खाली ठेवायची नाही म्हणून मांडीवरच घेतली होती, आणि शेजारच्या बाकड्यावरची दोन पोरं, शोला आलेली, ओळखीची नाहीत, आमच्याकडे पाठ करून, ते वेलीचं कडवं म्हणत होती. शब्द चुकत होते. ‘तेल’ म्हणत होती. गायिका उठून सांगायला जाणार होती, ड्रमरने तिचा दंड धरून खाली बसवलं.